‘आमच्या टॅक्सच्या पैशावर’ म्हणणाऱ्यांनो, आता हिशेब मांडूच!

“तुम्ही आमच्या टॅक्सच्या पैशावर शिकता.” हे वाक्य एकदाही न ऐकता कॉलेजातून बाहेर पडलेला आपला पोरगा किंवा पोरगी आम्हाला अजून भेटायची आहे. कधी ते तोंडावर फेकले जाते, कधी कॅन्टीनमधल्या हशातून येते, हल्ली व्हॉट्सॲपवर चकचकीत चित्रासकट येते. शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन खिडकीशी उभे राहिले की आतला बाबू चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, “सरकार किती करतं रे तुमच्यासाठी!” जणू सरकार त्याच्या खिशातून काढून देते आहे.

या टोमण्याला आपण आजवर जे उत्तर देत आलो ते इतिहासाचे. हजारो वर्षांचा अन्याय, संविधानाचे कलम, प्रतिनिधित्वाचा हक्क. हे सगळे खरे आहे आणि ते सांगत राहिलेच पाहिजे. पण या उत्तरात आपण एक गोष्ट गुपचूप मान्य करून बसतो. टॅक्स ‘त्यांचा’ असतो, ही. म्हणजे दाता ते आणि घेणारे आपण; भांडण फक्त देणे न्याय्य आहे की नाही याचे. साथींनो, मुळात हे गृहीतकच खोटे आहे. म्हणून आज इतिहास थोडा बाजूला ठेवून आम्ही किराणा दुकानाच्या बिलापासून सुरुवात करतो.

वस्तीतल्या कोणत्याही घराचा महिना बघा. पिठाची पिशवी पॅकबंद आणि छापील नावाची असेल तर तिच्यावर ५ टक्के जीएसटी. हा कर १८ जुलै २०२२ पासून लागला. त्याआधी नामांकित ब्रँड वगळले तर साधे पॅकबंद पीठ करमुक्त होते. पायातली चप्पल, अंगाचा साबण, कपडे, सगळ्यावर कर. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के. २९९ रुपयांचे रिचार्ज मारले की त्यातले ४५ रुपये सरकारजमा. गाडीत पेट्रोल टाकले की केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, आणि गाडी नसली तरी भाजीच्या टेम्पोचे डिझेल भाजीच्या भावात येतेच. घरकुल मंजूर झाले म्हणून आपण पेढे वाटतो. पण त्या घरकुलासाठी घेतलेल्या सिमेंटवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता, आता १८ आहे. एका हाताने अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने सिमेंटच्या गोणीतून काही परत घ्यायचे. फोटो मात्र पहिल्या हाताचाच छापून येतो.

यावर कोणी म्हणेल, कर तर सगळ्यांनाच सारखा आहे. हो ना! तिथेच तर मेख आहे. समजा एक कंत्राटी सफाई कामगार महिन्याला १५ हजार कमावतो. त्याचे १५ च्या १५ हजार महिना संपायच्या आत खर्च होतात. शिल्लक टाकण्याची चैन त्याला परवडत नाही. दुसरा एक साहेब महिन्याला ३ लाख कमावतो, १ लाख खर्च करतो, उरलेले २ लाख शेअरमध्ये, जमिनीत, सोन्यात घालतो. हिशेबाच्या सोयीसाठी धरू की दोघांच्याही खर्चात सरासरी १० टक्के कर दडलेला आहे. कामगाराने दीड हजार भरले, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा. साहेबाने दहा हजार भरले, म्हणजे कमाईचा तिसावा हिस्सा. साहेब यापेक्षा वेगळा आयकर भरतो, हे आम्ही लपवत नाही. पण त्याचा आयकर फॉर्म सोळावर छापून येतो, त्याला तो दिसतो, दुखतो, म्हणून त्याला वाटते की देश आपणच चालवतो. कामगाराचा कर साबणाच्या किमतीत विरघळलेला असतो. त्याची पावती कोणी देत नाही. २०२४-२५ मध्ये देशातली जीएसटीची ढोबळ वसुली २२ लाख ८ हजार कोटी रुपये होती. वैयक्तिक आयकरापेक्षा हा आकडा बराच मोठा आहे. तो नुसत्या साहेबांच्या खिशातून आलेला नाही.

आणि आयकराचेच म्हणाल तर २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला आयकर शून्य. म्हणजे सरकारच्या मते १२ लाखांत जेमतेम भागते, त्यावर कर लावणे बरे नव्हे. ईडब्ल्यूएससाठी ८ लाखांपर्यंतचा सवर्ण ‘दुर्बल’. पण अनुसूचित जातीच्या मुलाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल तर आईबापाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे! त्याच्या वर गेला की फ्रीशिपवर फी माफ होईल, निर्वाह भत्ता विसरा. तीन वेगवेगळ्या गरिबी आहेत या देशात, आणि सर्वांत काटकसरीची व्याख्या आपल्या वाट्याला आली आहे. ही शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. तिचा दाखला काढायला तहसीलच्या किती फेऱ्या होतात ते विचारा कोणत्याही पोराला.

व्यवसाय कराचे उदाहरण तर शाळेत शिकवावे असे आहे. महाराष्ट्रात महिना १० हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुष नोकरदाराकडून वर्षाला २५०० रुपये व्यवसाय कर कापतात. संविधानाच्या कलम २७६ ने या कराची कमाल मर्यादा २५०० ठरवली आहे. १९८८ पासून ती हललेली नाही. म्हणजे १२ हजारांचा वॉचमन २५०० भरतो आणि कोट्यवधींचे पॅकेज घेणारा कंपनीचा प्रमुखही २५००च भरतो. गंमत म्हणजे हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी आणला गेला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांसाठी शहरातल्या नोकरदाराने थोडे द्यावे, ही कल्पना चांगली होती. आज तो वॉचमनच्या पगारातून ज्या शिस्तीने कापला जातो ती शिस्त वरच्या मजल्यावर कुठे दिसते?

वरच्या मजल्यावर काय दिसते ते सांगतो. १९८५ मध्ये मालमत्तेच्या वारशावरचा कर रद्द झाला. २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर रद्द झाला. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्र्यांनी गोव्यात पत्रकार परिषद घेऊन कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखानदारीला १५ टक्के. सरकारनेच सांगितले की यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सुटेल. याला कोणी फुकटेपणा म्हटले नाही. याला ‘गुंतवणुकीला चालना’ म्हणतात. पोराला महिन्याचा निर्वाह भत्ता मिळाला की ती रेवडी.

वारसा कराबद्दल आपल्या चळवळीत फारसे बोलले जात नाही, म्हणून जरा थांबून बोलतो. या देशात वारसा म्हणजे काय? जात. कोणाला वतने मिळाली, कोणाला इनाम जमिनी मिळाल्या, कोणाचे वाडे उभे राहिले, कोणाच्या आजोबांनी वकिली केली, आणि कोणाच्या आजोबांनी मेलेले ढोर ओढले, हे सारे जन्माने ठरले. ज्या समाजात मालमत्ता जन्माने ठरते त्या समाजात वारशावर कर नसणे म्हणजे जातीलाच करमाफी देणे होय. अमुक उद्योगपती किती मोठा झाला हा प्रश्न इथे दुय्यम आहे. पिढ्यान्‌पिढ्या साठलेले काहीही न देता पुढच्या पिढीकडे जाते आणि आपल्या पोराच्या पेनवरसुद्धा कर लागतो, मुद्दा हा आहे.

हे सगळे आम्ही आज शोधून काढलेले नाही. तात्यासाहेबांनी, म्हणजे जोतीराव फुल्यांनी, १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते: सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, वरचे वर्ग तिजोरीत जवळजवळ काही घालत नाहीत, आणि शिक्षणाचा खर्च मात्र त्यांच्याच पोरांवर होतो. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये उधळायला विरोध करणारेही तेच. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे. पुढाऱ्यांच्या स्वागताला कमानी उभारणाऱ्या आजच्या आपल्या कार्यकर्त्यांनी (आम्हीही त्यात आलो) हा प्रसंग भिंतीवर लिहून ठेवावा.

आणि बाबासाहेब? बाबासाहेबांना घटनाकार म्हणून देश ओळखतो. करांचा अभ्यासक म्हणून आपणसुद्धा ओळखत नाही. कोलंबियात १९१५ साली त्यांनी एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा आणि वित्ताचा होता. १९२५ मध्ये लंडनहून निघालेले त्यांचे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचे पुस्तक, त्याला प्रस्तावना त्यांचे गुरू सेलिग्मन यांची. पैसा कोणाकडून घेतला, कोणावर खर्च केला, लष्करावर किती आणि पाटबंधाऱ्यांवर किती, केंद्राने मलई ठेवून प्रांतांच्या गळ्यात जबाबदाऱ्या कशा बांधल्या, हे त्यांनी आकड्यांनिशी उलगडले. आज केंद्र सेस आणि सरचार्ज वाढवते, कारण कलम २७० प्रमाणे त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. हे कळायला ते शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक अजूनही कामाला येते.

पण पुस्तकापेक्षा आम्हाला १९२७ सालचे दोन महिने महत्त्वाचे वाटतात. बाबासाहेब नुकतेच मुंबई कायदेमंडळात गेले होते. २४ फेब्रुवारीला ते अर्थसंकल्पावर बोलले. आयकर ठराविक उत्पन्नाच्या वरच लागतो, पण शेतसारा एक एकरवाल्यालाही लागतो आणि शंभर एकरवाल्यालाही, पीक आले तरी आणि बुडाले तरी, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. १२ मार्चला ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार या इलाख्यात माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. लोकांकडून दारूतून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांनी सुनावले. आणि २० मार्चला ते महाडला चवदार तळ्यावर होते.

अर्थसंकल्पाचे भाषण ते चवदार तळे, २४ दिवसांचे अंतर! आपण हे दोन प्रसंग दोन वेगळ्या फोटोफ्रेममध्ये लावतो. ते एकाच मुद्द्याचे होते. बोले ठराव आठवा. ४ ऑगस्ट १९२३ च्या त्या ठरावात नुसते ‘अस्पृश्यांना पाणी भरू द्या’ एवढेच नव्हते. सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करा, असे होते. सार्वजनिक पैसा म्हणजे कर. १९२६ च्या दुसऱ्या ठरावाने तर सांगितले की जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचे अनुदान रोखा. चवदार तळे नगरपालिकेचे होते, म्हणून हक्क होता. सनातन्यांनी कोर्टात काय कांगावा केला? तळे खासगी आहे! त्यांना नेमके ठाऊक होते की ‘सार्वजनिक’ हा शब्द सिद्ध झाला की आपला खटला बुडाला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो बुडालाच. आणि हाच धागा बाबासाहेबांनी संविधानात विणला. कलम १५ काढून वाचा: राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या वापराला कोणालाही जातीवरून अडवता येणार नाही. महाडचा सत्याग्रह करदात्यांचाही सत्याग्रह होता, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

आता जुन्या माणसांना विचारा, महारकीत काय काय कामे होती. त्यात एक काम होते गावचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोहोचवण्याचे. गावाने सारा भरायचा, पाटील-कुलकर्ण्यांनी मोजायचा, आणि आपल्या खापरपणज्याने तो जोखमीचा ऐवज रानावनातून चालत तालुक्याला न्यायचा. शिवलेला माणूस विटाळतो, पैसा विटाळत नाही. या वेठीचा मोबदला काय, तर वतनाचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यावर पुन्हा जुडी नावाचा सारा. फुकट राबायचे आणि राबण्याच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीवर कर भरायचा! बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते या लुटीविरुद्ध. ज्यांच्या पूर्वजांनी सरकारची तिजोरी अक्षरशः वाहून नेली त्यांच्या नातवंडांना आज सांगतात की तुम्ही तिजोरीवर जगता.

असो. वसुलीचे झाले. आता खर्चाकडे वळू, कारण खरी चोरी तिथे आहे आणि ती कायदेशीर कागदावर होते.

१९७९ च्या सुमारास विशेष घटक योजना आली. तत्त्व सोपे होते: योजनेच्या खर्चातला लोकसंख्येच्या प्रमाणातला वाटा अनुसूचित जातींसाठी वेगळा काढा. आदिवासी उपयोजना त्याआधीची. पुढे नियोजन आयोगाने दोन पथ्ये घालून दिली: हा निधी दुसरीकडे वळवायचा नाही आणि वर्षअखेर तो व्यपगत होऊ द्यायचा नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जाती ११.८१ टक्के, अनुसूचित जमाती ९.३५ टक्के. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात अनुसूचित जाती घटकासाठी २२ हजार ६५८ कोटींची तरतूद दाखवली आणि आदल्या वर्षीपेक्षा ४२ टक्के वाढ म्हणून छाती फुगवली. आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांनी अभिनंदनाचे फलकही लावले.

आता आकड्याकडे जरा निरखून बघा. राज्याचा एकूण खर्च ७ लाख २० कोटी. त्यात २२ हजार ६५८ कोटी म्हणजे सव्वातीन टक्के. मग ११.८१ कुठे गेले? ते प्रमाण फक्त ‘कार्यक्रम खर्चा’ला, म्हणजे जुन्या भाषेत योजना खर्चाला लागू आहे, पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचे व्याज यांना नाही. व्याजात वाटा मागता येत नाही हे आम्हालाही समजते. पण सरकार कर्ज काढते, त्यातून उड्डाणपूल आणि महामार्ग उभे राहतात, आणि त्या कर्जाचे व्याज फेडायला आपल्या साबणावरचा करही जातो, एवढे लक्षात ठेवले पाहिजे. सव्वातीन टक्क्यांवर चर्चा होते, उरलेल्या पावणेसत्त्याण्णव टक्क्यांना ‘विकास’ म्हणतात.

आणि हे सव्वातीन टक्केही हाती लागत नाहीत. अर्थसंकल्प मांडून दोन महिने झाले नाहीत तोच, मे २०२५ मध्ये, सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख ‘लाडकी बहीण’च्या हप्त्याकडे वळवले गेले. विरोधकांनी ओरड केली असती तर समजण्यासारखे होते. इथे खुद्द सामाजिक न्याय मंत्रीच जाहीरपणे बोलले की असेच करायचे असेल तर खाते बंद करा. मंत्र्याने असे म्हणावे, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

इथे आम्हाला कोणी बहिणींच्या विरोधात उभे करू नये. दीड हजार रुपये आपल्या वस्तीतल्या बाईच्या हातात पडतात, गॅस येतो, पोराचे औषध येते. त्या पैशाचे मोल आम्ही जाणतो. सरकारचा युक्तिवाद असा की यातल्या लाभार्थी दलित महिलाही आहेत, मग त्यांच्या हिश्शाचा पैसा त्यांच्यावरच खर्च झाला, बिघडले कुठे? बिघडले ते इथे. सवर्ण बहिणीची ओवाळणी सर्वसाधारण तिजोरीतून निघते. ती नागरिक आहे म्हणून. दलित बहिणीची ओवाळणी तिच्याच मुलाच्या वसतिगृहाच्या, तिच्याच मुलीच्या शिष्यवृत्तीच्या पैशातून निघते. म्हणजे सर्वसाधारण तिजोरीवर तिचा हक्कच नाही का? ती या राज्याची सर्वसाधारण नागरिक नाही का? घरात दोन मुली. एकीला बाप खिशातून साडी घेतो, दुसरीला तिचाच गुल्लक फोडून साडी घेतो आणि वर म्हणतो, दोघींवर सारखीच माया! घटक योजना ही सर्वसाधारण हक्काच्या वर, अंतर भरून काढण्यासाठी होती. ती सर्वसाधारण हक्काच्या जागी आणून बसवणे म्हणजे तळ्यावर तुमचे वेगळे भांडे ठेवण्यासारखे आहे.

त्याच वर्षी जून महिन्यात मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले, देशी दारूवरचेही. त्यातून १४ हजार कोटींचा जादा महसूल येईल असे सांगितले. १९२७ च्या बाबासाहेबांच्या भाषणात आणि या निर्णयात ९८ वर्षांचे अंतर आहे. भावाच्या बाटलीतून काढायचे, बहिणीच्या खात्यात टाकायचे, आणि दोघांच्या पोरांच्या वसतिगृहाला गळके छप्पर.

पैसा वळवण्याची ही खोड एका पक्षाची नाही. २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हा तिथल्या घटक योजनेचे पावणेसातशे कोटींहून अधिक रुपये स्पर्धेच्या कामांवर गेल्याचे तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांना संसदेत मान्य करावे लागले. सरकार काँग्रेसचे होते. कर्नाटकात तर कायदा असूनही त्यात ‘मानीव खर्च’ अशी पळवाट ठेवली होती, म्हणजे रस्ता सगळ्यांचा, पण त्यावरून दलितही चालतात म्हणून काही टक्के त्यांच्या खात्यावर मांडायचे. २०२३ मध्ये ते कलम काढावे लागले, आणि त्याच वर्षी तिथल्या गॅरंटी योजनांकडे हा निधी वळवल्यावरून वाद पेटला. केंद्राच्या अनुसूचित जाती कल्याणाच्या विवरणपत्रात खतांचे अनुदानसुद्धा मोजले जाते. देशातल्या शेतजमिनीपैकी दहा टक्केही ज्यांच्याकडे नाही त्यांच्या नावावर युरियाची गोणी! भूमिहीनाला खत दिले, हिशेब पूर्ण झाला.

जमिनीवरून आठवले. महाराष्ट्रात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाने योजना आहे: भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती. ज्या दादासाहेबांनी भूमिहीनांसाठी हजारोंना तुरुंगात नेले त्यांच्या नावाची योजना ‘जमीन उपलब्ध नाही’ या शेऱ्याखाली पडून राहते. सरकारी दरात कोणी जमीन विकायला तयार नाही, असे अधिकारी सांगतात. महामार्गाला लागते तेव्हा मात्र जमीन मिळते, जादा मोबदल्याने मिळते. पैसा अखर्चित राहिला की ‘यांना खर्चच करता येत नाही’ म्हणून पुढच्या वर्षी कात्री.

आंध्र प्रदेशने २०१३ मध्ये या निधीचा कायदा केला, कर्नाटकाने त्याच वर्षी केला, तेलंगणाने नंतर केला. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक भाषणाच्या पहिल्या ओळीत घेणाऱ्या महाराष्ट्रात हा कायदा नाही. मागणी वर्षानुवर्षे चालू आहे, समित्या होतात, आश्वासने होतात. कायदा नाही म्हणून वळवलेल्या पैशाबद्दल कोणाला शिक्षा नाही. पाकीट मारणाऱ्या पोराला कोठडी, आणि ७४६ कोटी वळवणाऱ्या सहीला बढती.

आता थोडे स्वतःकडे. आरक्षणावर निकाल आला की आम्ही रात्रीत मोर्चा काढतो. इंदू मिलच्या स्मारकाची घोषणा झाली की टाळ्या वाजवतो. पण मार्च महिन्यात अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा आमच्यातल्या किती जणांनी त्याचे पुस्तक उघडले? जिल्हा नियोजन समितीची बैठक कधी होते, त्यात अनुसूचित जाती उपयोजनेचा आराखडा कोण मांडतो, आमदार कोणती कामे सुचवतो, हे विचारायला आम्ही जात नाही. कारण ते कंटाळवाणे आहे. आमच्या अनुभवातला एक तालुका आहे, नाव घेत नाही. तिथे वस्तीविकासाच्या पैशातून ‘बौद्ध वस्ती ते मुख्य रस्ता’ असा सिमेंटचा रस्ता झाल्याची नोंद आहे. रस्ता झालाही आहे, चांगला झाला आहे. तो वस्तीच्या कडेने जाऊन एका बागायतदाराच्या बंगल्यापाशी थांबतो. वस्तीत अजून चिखल आहे. हे आम्हाला कळायला चार वर्षे लागली, कारण चार वर्षे आम्ही कागद मागितलाच नव्हता. दरम्यान त्याच वस्तीत आम्ही तीन जयंत्या डीजे लावून साजऱ्या केल्या.

१९४९ च्या मे महिन्यात संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते की महालेखापरीक्षक हा कदाचित या संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. राष्ट्रपतींबद्दल किंवा पंतप्रधानांबद्दल त्यांनी हे म्हटले नाही, हिशेब तपासणाऱ्याबद्दल म्हटले. त्या अधिकाऱ्याचे अहवाल विधिमंडळात दरवर्षी येतात, मराठीतही येतात, फुकट मिळतात. अखर्चित निधी, चुकीच्या शीर्षाखाली दाखवलेला खर्च, वापर प्रमाणपत्र न दिलेल्या रकमा, सगळे त्यात असते. आपल्या अभ्यासवर्गात ‘जातिसंहार’ वाचतात, वाचलाच पाहिजे. त्याच्या पुढच्या रविवारी हा अहवाल घ्या. वाणिज्य शाखेची पोरे आपल्यात शेकड्यांनी आहेत. त्यांना चळवळीत खुर्च्या मांडायला लावतात, हिशेब मांडायला कोणी बोलावत नाही.

सुरुवात गावापासून करता येते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांवर खर्च करणे बंधनकारक आहे. घरपट्टी, पाणीपट्टी आपणही भरतो. तर पहिला अर्ज हा करा: गेल्या तीन वर्षांत ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न किती, त्याचे १५ टक्के किती, आणि ते कोणत्या तारखेला, कोणत्या कामावर, कोणाच्या नावे खर्च झाले, पावत्यांच्या प्रतींसह. दुसरा अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे: तालुक्यातल्या वस्तीविकासाच्या कामांची यादी, मंजूर रक्कम, खर्च झालेली रक्कम, कामाचे ठिकाण. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर पहिले अपील. यादी हातात आली की ती घेऊन वस्तीत जा, प्रत्येक कामापाशी उभे राहून फोटो काढा, आणि ग्रामसभेत सरपंचाच्या टेबलावर यादी आणि फोटो शेजारी शेजारी ठेवा. कॅन्टीनमधल्या त्या मित्रालाही एकदा सोबत घेऊन जा. त्याच्या टॅक्सचा पैसा कुठे गेला, हे त्यालाही बघायला मिळेल.